एकाच गावातल्या अनेक मंडळ्या

महाराष्ट्रातला एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला पहिल्यांदा भेटला, की आडनाव विचारून झाल्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही कोणत्या चर्चचे?" समोरच्याने मूळ गाव सांगितले असेल, तर या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधीच कळलेले असते. बुलढाण्याकडचा असेल तर नाझरिन, अकोल्याचा असेल तर अलायन्स, यवतमाळचा असेल तर फ्री मेथडिस्ट. नागपूर आणि जालना या बाजूला स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी काम केले, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी, नाशिक-औरंगाबादकडे चर्च मिशनरी सोसायटीच्या अँग्लिकनांनी, आणि नगर, सोलापूर, सातारा, वाई या पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळींनी. वसईचा म्हटला, की तो कॅथलिक आणि त्याच्या घराण्याची श्रद्धा पोर्तुगीज काळापासूनची, हे कोणी सांगावे लागत नाही.

या यादीकडे मी पुन्हा पुन्हा परत येते, कारण आमच्या सगळ्या वेगळेपणाचे मूळ तिच्यात आहे. माझ्या खापरपणजोबांनी कॅल्विन आणि ल्यूथर या युरोपीय धर्मसुधारकांची मते तपासून पाहिली नव्हती, बिशप असावा की नसावा यावर विचार करून त्यांनी कौल दिला नव्हता. ज्या मिशनरी साहेबाचा तंबू त्यांच्या गावाबाहेर लागला, ज्याने त्यांच्या मुलाला शाळेत बसवले, दुष्काळात ज्याच्या दारात धान्य मिळाले, त्याच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची मंडळी ती त्यांची मंडळी झाली. मिशनांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ होऊ नये म्हणून आपापले जिल्हे आणि तालुके वाटून घेतले होते. त्या वाटणीमागचा हेतू चांगला होता, हे मान्य करायलाच हवे. एकाच गावात तीन मिशनांनी तीन शाळा काढून लोकांना गोंधळात टाकू नये, एवढेच त्यांना हवे होते. पण त्या सोयीच्या रेषा पुढे आमच्या ओळखी बनल्या, आणि ज्या वादांशी मराठी माणसाचा काडीचाही संबंध नव्हता त्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय वादांचे वारस आम्ही नकळत होऊन बसलो.

नगर जिल्ह्यात ही वाटणी फार काळ टिकली नाही, म्हणून पंथापंथांतल्या सहकार्याचा विचार करायला नगरसारखी दुसरी जागा मला दिसत नाही. अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ साली ठाणे मांडले. १८७० च्या दशकात अँग्लिकनांच्या एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशनने जिल्ह्यात पाऊल टाकले आणि अमेरिकन मिशनला ते मुळीच रुचले नाही. त्या नाराजीचे पडसाद दोन्हीकडच्या पत्रव्यवहारात बराच काळ उमटत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन जेझुइट फादर राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या भागात आले. १८८२ साली मुंबईत उतरलेली मुक्तिफौज, म्हणजे लष्करी धर्तीवर चालणारी सॅल्व्हेशन आर्मी, पुढे नगरपर्यंत पोचली. परिणाम असा, की इथल्या कितीतरी गावांत एकाच वाड्यातला थोरला भाऊ मिशनचा, मधला कॅथलिक आणि धाकटा मुक्तिफौजेचा, अशी घरे तयार झाली. शेताच्या वाटण्या झाल्या, तरी बांधाच्या दोन्ही बाजूंना पीक एकाच विहिरीच्या पाण्यावर येते, तसे आमचे झाले. आडनाव एक, देवाण-घेवाण एक, लग्नातला मांडव एक. रविवारी सकाळची वाट मात्र वेगवेगळी.

म्हणूनच, निरनिराळ्या मंडळ्यांतील सहकार्याविषयी बोलताना "परस्परांना समजून घेणे" अशी पाहुण्यांसारखी भाषा वापरली जाते, तेव्हा मला ती अपुरी वाटते. इथे जे एकमेकांना भेटतात ते मुळात नातलग आहेत. त्यांना ओळख करून घ्यायची नाही, तुटलेली ये-जा पुन्हा सुरू करायची आहे.

आणि ही ये-जा पूर्णपणे कधीच तुटली नव्हती. मिशनांच्या काळातही काही गोष्टी सगळ्यांच्या राहिल्या. अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरमध्ये सुरू केलेले 'ज्ञानोदय' पुढे अनेक मिशनांचे सामाईक पत्र झाले. कवी नारायण वामन टिळकांची भजने तर कोणत्याही एका पंथाच्या मालकीची राहिलीच नाहीत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईला झाला, नंतर त्यांचे वास्तव्य नगरला होते आणि अमेरिकन मिशनचे सेवक म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. तरी १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, परदेशी पंथांच्या चौकटी बाजूला राहाव्यात, ही त्यांची आस होती. १९१९ साली ते गेले आणि दरबार त्यांच्या मागे तग धरू शकला नाही. पण त्यांची गीते टिकली. आज मेथडिस्ट, नाझरिन, अलायन्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मुक्तिफौज, सगळ्यांच्या उपासनेत ती गायली जातात, आणि आमच्या भागातल्या कॅथलिक मंदिरांतूनही मी ती ऐकली आहेत. जे काम दरबाराला जमले नाही ते पेटीच्या सुरावर झाले, असे मला मनापासून वाटते.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे टाळता येत नाही. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा झाला. परंतु ख्रिस्ती देशांत इतके पंथ आणि त्यांची इतकी परस्परविरोधी शिकवण पाहून आपण किती गोंधळून गेलो, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. निरनिराळ्या देशांच्या आणि पंथांच्या स्त्रिया तिथे येऊन राबल्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घालताना कोणाचा धर्मसिद्धांत कोणता हे विचारायला तिथे कोणाला सवडच नव्हती, आणि मला वाटते, पंथांमधले अंतर कमी व्हायला याहून खात्रीचा मार्ग आजवर कोणी शोधलेला नाही.

एकत्र येण्याचा सर्वांत मोठा औपचारिक प्रयत्न मात्र वरून झाला आणि तोही महाराष्ट्राच्याच भूमीवर. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि आज नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिषदेचे मुख्यालय नागपूरला आहे. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ साली एक झाल्या होत्या. १९२९ पासून सुरू असलेल्या वाटाघाटींना अखेर यश आले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अँग्लिकन, पूर्वीच एक झालेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि डिसायपल्स, असे हे सहा जण. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट एवढी वर्षे चर्चेत सामील होते, परंतु एकीकरणाला काही महिने उरले असताना ते बाहेर पडले. तो दिवस पाहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती हळहळ शेवटपर्यंत होती.

या एकीकरणातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि बाळाला बाप्तिस्मा देणे सर्वथा चुकीचे मानणारे, असे दोघेही एका मंडळीत आले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही पद्धती मान्य केल्या : कोणी बाळाचा बाप्तिस्मा करून पुढे त्याची दृढीकरणाची, म्हणजे मोठेपणी स्वतः श्रद्धा कबूल करण्याच्या विधीची, तयारी करून घ्यावी, कोणी बाळाला अर्पण करून ते मोठे झाल्यावर त्याच्या स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा द्यावा. ज्या प्रश्नावरून युरोपात माणसे नदीत बुडवून मारली गेली, त्या प्रश्नावर आपल्या देशातल्या माणसांनी चाळीस वर्षे बसून असा तोडगा काढला, याचा आम्ही पुरेसा अभिमान बाळगत नाही.

मात्र वरून झालेली एकी खालपर्यंत मुरायला वेळ लागतो, आणि मध्ये जमिनी असल्या की तो वेळ अधिकच वाढतो. मिशनरी परत गेले, त्यांनी मागे बंगले, शाळा, दवाखाने आणि मोक्याच्या जागा ठेवल्या. त्या कोणाच्या, यावरून झालेल्या दाव्यांनी आमची कितीतरी शक्ती खाल्ली. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली न्यायालयाने असे ठरवले, की संस्था विसर्जित करण्याची कायद्यातली रीत पाळली गेली नव्हती, त्यामुळे केवळ एकीकरणाच्या ठरावाने ती मालमत्ता नव्या मंडळीकडे गेली असे म्हणता येणार नाही. मी कायद्याची जाणकार नाही. पण त्या निकालातून मला एवढे नक्की समजले, की उपासनेत माणसांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले तरी सात-बारा आपोआप बदलत नाही. एकीकरण करणाऱ्यांचा विश्वास खरा होता, परंतु कागदाची काळजी अपुरी पडली आणि तिची किंमत पुढच्या पिढीने मोजली. याउलट, ज्यांनी विलीनीकरणाचा विषयच काढला नाही, आपापली मंडळी आपापल्या जागी ठेवली आणि गावातले काम मात्र मिळून केले, त्यांचे संबंध अधिक निकोप राहिलेले मी पाहिले आहेत. सगळ्यांनी एका पाटीखाली यावे, या आग्रहापेक्षा सगळ्यांना एकमेकांच्या दारात हक्काने जाता यावे, ही गोष्ट मला आज जास्त महत्त्वाची वाटते.

कॅथलिकांशी आमचे दार तर फार उशिरा उघडले. माझ्या आईच्या लहानपणी कॅथलिक मैत्रिणीबरोबर तिच्या मंदिरात पाऊल टाकणे दोन्ही घरांत निषिद्ध होते. तिकडचे लोक आम्हांला वाट चुकलेले समजत आणि आम्ही त्यांना मूर्तिपूजक म्हणत असू. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला, इतर मंडळ्यांतील बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना बंधू म्हटले आणि त्यांच्याबरोबर ऐक्यासाठी प्रार्थना करायला उत्तेजन दिले. रोममधला तो कागद श्रीरामपूर तालुक्यातल्या वाडीपर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली, पण पोचला हे खरे. आज १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह आमच्याकडे पाळला जातो. २०१३ सालच्या सप्ताहाची उपासना आपल्या देशातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने तयार केली होती आणि तिचा आधार मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायाचा होता : देव तुझ्यापाशी काय मागतो? दलित ख्रिस्ती बांधवांची वेदना त्या वर्षी जगभरच्या मंडळ्यांपुढे ठेवली गेली.

सहकार्य प्रत्यक्षात कसे घडते हे पाहायचे असेल, तर मी मार्चच्या पहिल्या शुक्रवारकडे बोट दाखवीन. त्या दिवशी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया उपासना लिहितात आणि जगभरच्या स्त्रिया तीच उपासना आपापल्या भाषेत करतात. २०२४ साली ती पॅलेस्टाइनच्या स्त्रियांनी लिहिली होती. आमच्या तयारीच्या बैठकीला चर्चच्या वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या खोलीत, महिला संघाच्या ताई, कॉन्व्हेंटच्या दोन सिस्टर, मेथडिस्ट मंडळीच्या एक निवृत्त परिचारिका आणि मुक्तिफौजेच्या मेजरबाई अशा सगळ्या जणी बसल्या होत्या. वाचने वाटून झाली, प्रार्थना वाटून झाल्या, आणि गीतावर गाडी अडली. टिळकांचे एक भजन सगळ्यांनाच हवे होते. पण आमची चाल एक आणि सिस्टरांच्या गायकवृंदाची दुसरी. आमच्या पेटीवाल्या मावशी हट्टाला पेटल्या, की मूळ चाल हीच, त्या लहानपणापासून ती वाजवत आल्या आहेत. सिस्टर सौम्यपणे म्हणाल्या, "मावशी, आमच्या पोरी ती चाल शिकतील, पण एका आठवड्यात त्यांच्या गळ्यात बसायची नाही." बराच वेळ कोणी काही बोलेना. मग मेजरबाईंनी सुचवले, की धृपद आणि पहिले कडवे मावशींच्या चालीत घ्यावे, दुसरे कडवे सिस्टरांच्या चालीत, आणि शेवटचे कडवे पेटी बंद ठेवून सगळ्यांनी टाळ्यांवर म्हणावे. तसेच झाले. दुसऱ्या कडव्याला मावशींनी न सांगता भात्यावरचा हात हलका केला आणि त्या नव्या चालीचे सूर शोधत साथ करू लागल्या. त्या दिवशीचे वाचन इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले होते. त्यात पौल एकमेकांना प्रीतीने वागवून घ्यायला सांगतो. त्यावर प्रवचन चांगले झाले असेल, पण माझ्या लक्षात राहिला तो मावशींचा हात.

या स्त्रियांच्या कामाविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. पाळकसाहेब आणि फादर यांच्या संयुक्त बैठकांत मानपान सांभाळला जातो, कोण आधी बोलणार आणि आशीर्वाद कोण देणार याची चर्चा होते. या स्त्रियांपैकी बहुतेकींना असे पद नसल्यामुळे पदाचा प्रश्नच येत नाही. आजारी बाईच्या घरी डबा कोणी न्यायचा, कोणाच्या मुलीची फी थकली आहे, कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला आहे, ही माहिती पंथांच्या भिंती सहज ओलांडून जाते. कोरोनाच्या २०२० सालच्या दिवसांत मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलने नगरकरांसाठी केलेले काम सर्वांनी पाहिले. तेव्हा तिथल्या रुग्णांसाठी प्रार्थना प्रत्येक मंडळीत झाली आणि ती करण्यासाठी कोणाला ठराव करावा लागला नाही.

आता जिथे खरोखर दुखते तिकडे वळते. माझी आत्या लग्न होऊन कॅथलिक घरी गेली होती. ती वारली, तेव्हा तिची शवपेटी मंदिरात वेदीसमोर ठेवली होती आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, चालू होता. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली तशी माझी आतेभावंडे, त्यांची मुले, शेजारपाजारचे लोक रांगेने पुढे गेले. माझे वडील बाकावर बसून राहिले. कॅथलिक मंडळीच्या नियमाप्रमाणे त्यांना तो प्रसाद घेता येत नव्हता, आणि नियम मोडून कोणाला अडचणीत टाकणारा त्यांचा स्वभाव नव्हता. सख्ख्या बहिणीच्या शवपेटीपासून चार हातांवर, एकाच ख्रिस्ताच्या नावाने जमलेल्या लोकांत, ते एकटे बसले होते. प्रसाद वाटून झाल्यावर फादर खाली आले, वडिलांजवळ थांबले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. पुढे दफनभूमीत फादरांनी विधी पुरा केल्यावर आमच्या पाळकसाहेबांना प्रार्थना करण्याची विनंती केली, आणि दोन्ही घरांनी मिळून मूठमाती दिली.

फादरांच्या त्या कृतीने वडिलांना किती आधार दिला, हे मी जाणते. तरीही तेवढ्यावर मी समाधानी नाही. प्रभूच्या मेजावर आम्ही एकत्र बसू शकत नाही, हे दुःख गोड बोलून झाकू नये असे मला वाटते. त्यामागे कॅथलिकांची खोल श्रद्धा आहे, की प्रसादातले ऐक्य हे मंडळीच्या पूर्ण ऐक्याचे चिन्ह असते आणि जे अजून झाले नाही त्याचे चिन्ह आधीच धारण करू नये. मी या विचाराचा आदर करते, जरी तो मला पटत नाही. मुक्तिफौजेत तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी होतच नाहीत, तरी त्यांच्या सेवेला कोणी कमी ख्रिस्ती म्हणू शकेल काय? हा प्रश्न आमच्या गावात सुटणारा नाही, तो सोडवण्याचा अधिकारही आमच्याकडे नाही. आमच्या हातात आहे ते इतकेच, की बाकावर बसून राहिलेल्या माणसाकडे कोणीतरी उतरून यावे.

बाप्तिस्म्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक मंडळीही मानते. आमच्याकडचा माणूस तिकडे गेला तर त्याचा बाप्तिस्मा पुन्हा केला जात नाही. अडचण येते ती नव्या स्वतंत्र मंडळ्यांशी. आमच्या नात्यातला एक तरुण पुण्यात नोकरीला लागला, तिथल्या एका सहभागितेत, म्हणजे अशाच एका स्वतंत्र मंडळीत, जाऊ लागला आणि त्याने पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्याची आजी, जिने त्याला बाळपणी वेदीपाशी हातांवर धरले होते, ती कित्येक दिवस गप्प होती. मुलाचा अनुभव खोटा होता असे मी म्हणणार नाही. त्याचे पिणे सुटले, तो वचन वाचू लागला, आईवडिलांना पैसे पाठवू लागला. पण दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देणे म्हणजे आधी जे झाले त्यात देव नव्हता असे म्हणणे होय, आणि एवढे मोठे विधान करण्याचा हक्क कोणत्याही पाळकाला आहे असे मला वाटत नाही.

जुन्या मंडळ्यांत या नव्या मंडळ्यांविषयी "आमची मेंढरे चोरली" अशी तक्रार सतत ऐकू येते. त्या तक्रारीत तथ्य आहे. पण ज्या घरी वर्षानुवर्षे कोणी पाळक फिरकला नाही, मूल दवाखान्यात असताना ज्यांच्याकडे कोणी आले नाही, ती माणसे गेली तर दोष फक्त नेणाऱ्याचा नाही. रात्री अकराला फोन केला तर प्रार्थनेला धावत येणारे हे तरुण पास्टर असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांना संयुक्त सभांना बोलवायचे नाही आणि मग ते वेगळे वागतात म्हणून रागवायचे, हे बरोबर नाही.

आणि पंथाच्या भिंतीपेक्षा जुनी एक भिंत आमच्यात उभी आहे, तिच्याविषयी न बोलता ऐक्याच्या सभा भरवणे मला खोटेपणाचे वाटते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात आज लग्ने होतात. बिशपांची परवानगी घ्यावी लागते, मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी वचन द्यावे लागते, थोडी कटकट होते आणि लग्न लागते. परंतु एकाच मंडळीतल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घरांतली सोयरीक पूर्वजांच्या जातीवरून मोडते, तेव्हा तिथे कोणाचीही परवानगी उपयोगी पडत नाही. बाहेरच्या जगाला मात्र आमचे पंथ ठाऊक नाहीत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे शीख आणि बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना नाहीत. हा आदेश लागू करताना कोणी कॅथलिक आहे की मेथडिस्ट हे सरकारने विचारले नाही. म्हणूनच दरवर्षी १० ऑगस्टला निषेध नोंदवताना नागपूरची परिषद आणि कॅथलिक बिशपांची परिषद एका आवाजात बोलतात, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून दोन्हीकडे पाळला जातो. तो आवाज सरकारपुढे जितका ठाम असतो, तितकाच तो आमच्या स्वतःच्या सोयरिकींपुढेही असला पाहिजे.

या सगळ्यातून आमच्या गावापुरते काय करावे, याचा विचार करताना मी दफनभूमीपाशी येऊन थांबते. जुन्या मंडळ्यांच्या दफनभूमी आहेत, स्वतंत्र मंडळ्यांच्या नाहीत. त्यांच्यातले कोणी वारले की नातेवाईक ज्या मंडळीतून ते बाहेर पडले तिच्याच दारात येतात, आणि शवपेटी अंगणात असताना वर्गणीच्या पावत्या विचारल्या जातात. मरण पावलेल्या माणसाच्या मुलाला "तुमचे नाव वहीत नाही" हे शब्द ऐकवले गेल्याचे मला ठाऊक आहे. ऐक्याचे कितीही सप्ताह पाळले, तरी त्या मुलाला आमचे ऐक्य पटणार नाही.

म्हणून मी एक मसुदा लिहिला आहे. प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेल्या, किंवा आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे प्रभूची मानलेल्या कोणत्याही ख्रिस्ती व्यक्तीला गावातल्या कोणत्याही ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळावी. विधी तिच्या स्वतःच्या पाळकाने करावा. खर्चाचा दर सगळ्यांना सारखा असावा. आणि दफनाच्या आधी वर्गणीचा विषय कोणीही काढू नये. त्याच कागदात मी स्वतंत्र मंडळ्यांच्या पास्टरांना विनंती केली आहे, की दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसाला पुन्हा बाप्तिस्मा देण्यापूर्वी त्यांनी निदान त्याच्या जुन्या पाळकाशी बोलावे. आमच्या पंचांपैकी काहींनी रास्त शंका काढली : जागा आधीच कमी आहे, सगळ्यांना घेतले तर ती किती दिवस पुरणार? त्यावर माझे म्हणणे असे, की नव्या जागेसाठी महापालिकेकडे आजवर प्रत्येक मंडळीने वेगळा अर्ज केला, म्हणून प्रत्येक अर्ज लहान दिसला. या वेळी अर्ज एकच असावा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या असाव्यात. मसुदा मेजरसाहेबांनी वाचला आहे. फादरांनी त्यात दोन वाक्ये सुधारून दिली आहेत, आणि बसस्थानकामागच्या सहभागितेच्या तरुण पास्टरने तो आपल्या लोकांना वाचून दाखवला आहे. आमच्याच पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीची, सही व्हायची बाकी आहे, आणि जानेवारीच्या सप्ताहाआधी ती मिळावी म्हणून मी कमिटीच्या प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन बसते आहे.